वाचक विचारतात: आयर्लंडमधल्या शेतकरी पोरांची लग्नं का राहिली होती?

गेल्या अंकात मी एक ओळ लिहिली होती, की आयर्लंडमध्येसुद्धा एकेकाळी शेतकरी पोरांची लग्नं होत नव्हती आणि तिथल्या संशोधकांनी घरोघरी जाऊन त्याचं कारण शोधलं. त्या एका ओळीवर खान्देशातून इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सदर त्यालाच देतेय. सगळी घेणं शक्य नाही, तीन घेतलीत. नावं नेहमीसारखीच छापत नाही.

प्रश्न: ताई, चोपडा तालुक्यातून लिहितोय. अकरा एकर वावर आहे, निम्म्यात केळी निम्म्यात कपाशी, ठिबक आहे, बोअरला पाणी आहे, स्लॅबचं घर बांधलं. पोरगा बी.ए. झालाय, वय तेहेतीस, कसलं व्यसन नाही. मेळाव्यात बायोडाटा घेतात आणि शेती म्हटलं की परत फोन उचलत नाहीत, सगळ्यांना पुण्याचा नोकरीवाला जावई पाहिजे. आता एक एजंट मागे लागलाय, बाहेरच्या राज्यातली मुलगी आणून देतो म्हणतो आणि दोन लाख मागतो. घरात बायको रोज एकच विचारते, आपला पोऱ्यानं लगीन व्हई का नही. आयर्लंडवाल्यांनी काय केलं ते जरा सविस्तर लिहा. – एक बाप

उत्तर: भाऊ, आधी एजंटचं बोलू. त्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. पैसे देऊन आणलेली मुलगी स्वतःच्या मर्जीने आलीय की कोणी तिला विकलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पुढे काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, एजंटच्या नाही.

आता आयर्लंड. तिथली गोष्ट समजून घ्यायची तर १८४५ पर्यंत मागे जावं लागतं. त्याआधी तिथे आपल्यासारखंच चालायचं, बापाची जमीन सगळ्या पोरांत वाटायची, मग त्यांच्या पोरांत, असं करत करत लाखो कुटुंबं एक-दोन एकरावर आली होती आणि तेवढ्याशा तुकड्यावर घर जगायचं ते फक्त बटाट्यामुळे. १८४१ च्या जनगणनेत सगळ्या बेटावर मिळून जवळपास ८२ लाख लोक होते. मग बटाट्यावर करपा आला, एका वर्षासाठी नाही तर वर्षामागून वर्ष, आणि काही वर्षांतच साधारण १० लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली आणि तेवढीच जहाजात बसून देश सोडून गेली. यातून जी घरं वाचली ती एक गोष्ट कायमची शिकली, जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. वावर एकाच पोराला मिळणार. तो थोरलाच असायला हवा असंही नव्हतं, बाप ठरवेल तो. एका पोरीला हुंडा देऊन उजवायचं, बाकीच्यांनी अमेरिका किंवा इंग्लंड गाठायचं.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातले आरेन्सबर्ग आणि किंबॉल हे दोन अभ्यासक पश्चिम आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात जाऊन राहिले. त्यांनी जे लिहून ठेवलंय ते वाचताना मला सारखी आपली गावं दिसत होती. बापाने जमीन नावावर करेपर्यंत पोराचं लग्न नाही, आणि बाप काही लवकर हात सोडायचा नाही कारण हात सोडला की म्हातारपणी आपल्याला कोण विचारणार. त्यामुळे पंचेचाळीस-पन्नासचा माणूससुद्धा गावाच्या हिशोबात पोरगाच राहायचा, दिवसभर वावरात राबायचा आणि मॅच बघायला जायचं तर खर्चाला बापाकडे पैसे मागायचा. शेवटी सोयरीक जुळली की वकिलाकडे जाऊन करार व्हायचा, आणि त्यात जमीन पोराच्या नावावर होते एवढंच नसायचं, म्हाताऱ्या-म्हातारीला घरातली पश्चिमेकडची खोली, खाणंपिणं, दूध हे सगळं लिहून घेतलं जायचं. सुनेने आणलेला हुंडा सासऱ्याच्या हातात पडायचा आणि बऱ्याचदा त्यातूनच नणंदेचं लग्न लागायचं. आपल्याकडे पोराच्या लग्नात आलेलं पोरीच्या लग्नात गेलं असं म्हणणारी किती घरं आहेत ते तुम्हीच बघा.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९४० च्या दशकाच्या मध्याला आयर्लंडमध्ये नवरदेवाचं सरासरी वय ३३ होतं आणि नवरीचं २८, तेव्हाच्या युरोपात हे फार होतं. आणि पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांत चौथाईहून जास्त असे होते की ज्यांचं लग्न झालेलंच नव्हतं. गावाच्या टोकाला एक जुनं घर, त्यात दोन म्हातारे भाऊ, दोघंही बिनलग्नाचे, असं चित्र पश्चिमेकडच्या परगण्यांत ठिकठिकाणी होतं.

बरीच वर्षं लोकांना वाटायचं की पोरांनाच लग्न नकोय, किंवा धर्माचा पगडा आहे, किंवा दारू. मग १९६० च्या दशकात डेमियन हॅनन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कॅव्हन परगण्यातल्या तरुण मुलामुलींनाच विचारलं की बाबांनो तुम्ही गावात राहणार का जाणार, आणि का. काही वर्षांनी परत जाऊन बघितलं की कोण खरंच गेलं. त्यात जे पुढे आलं ते अगदी साधं आहे. ज्याला आपल्या शिक्षणाला आणि स्वप्नाला साजेसं काम गावाजवळ मिळेल असं वाटत होतं तो राहत होता, ज्याला नाही वाटलं तो गेला. आणि मुलींना तर असं वाटायला काही जागाच नव्हती. वावर भावाला मिळणार हे लहानपणापासून माहीत, मग आईच पोरीला शिकवायची की शीक आणि बाहेर पड. इंग्लंडमध्ये नर्सिंगला मुली हव्याच होत्या, त्या गेल्या. बाकी देशांतून बाहेर जाणाऱ्यांत पुरुष जास्त असायचे, आयर्लंडमधून मात्र साधारण निम्म्या बायका होत्या, आणि त्यातल्या बहुतेक एकट्या, बिनलग्नाच्या.

आणि सरकारनेही त्यांना बाहेर ढकलायलाच मदत केली. लग्न झालं की बाईने सरकारी नोकरी सोडायची असा नियमच होता, तो उठला १९७३ ला. प्राथमिक शिक्षिकांना तोच नियम १९३४ पासून होता, तो १९५८ ला गेला. म्हणजे शिकलेल्या मुलीने गावातल्या शेतकऱ्याशी लग्न करायचं तर पगार सोडायचा, जमिनीत हिस्सा नाही, सासूच्या हाताखाली राहायचं. वर नवरा मृत्युपत्रात बायकोला काहीच न ठेवताही जाऊ शकत होता, ते बंद झालं १९६५ च्या वारसा कायद्याने, तेव्हापासून विधवेचा ठराविक हिस्सा कायद्यानेच पक्का झाला. भाऊ, अशा घरात कुठली पोरगी हौसेने जाईल?

तुम्ही विचारलंय त्यांनी काय केलं. खरं सांगायचं तर त्या पिढीचं काही झालं नाही. ते बिनलग्नाचेच राहिले आणि तसेच गेले. १९५० च्या एका दशकात साधारण ४ लाख लोक देश सोडून गेले आणि १९६१ ला आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची (म्हणजे ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड सोडून) लोकसंख्या २८ लाखांवर आली, त्याच्या खाली ती कधी गेलेली नाही. मेळावे तिथेही होते, क्लेअरमध्येच लिस्डूनव्हार्ना नावाच्या गावात सुगी संपली की सप्टेंबरात लग्न जुळवायची मोठी जत्रा भरते, आजही भरते, पण त्याने प्रश्न सुटला नाही, कारण मुली गावात उरल्याच नव्हत्या.

बदललं ते पुढच्या पिढीचं. १९५८ ला सरकारने आर्थिक धोरण उलटवलं, बाहेरच्या कंपन्यांना बोलावलं आणि कारखाने फक्त डब्लिनला न ठेवता छोट्या शहरांत नेले. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं आणि खेड्यातल्या पोरांना शाळेत न्यायला बस सुरू झाली. १९७३ ला देश युरोपच्या सामायिक बाजारात गेला, शेतमालाला भाव मिळाला, आणि त्याच वर्षी नोकरीचा तो नियम उठला. आज तिथल्या साधारण निम्म्या शेतकरी घरांत नवरा किंवा बायको, कोणीतरी एक, शेतीबाहेर नोकरी करतं. बायको तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आणि नवरा गाईंच्या गोठ्यात, असं घर तिथे आता अगदी नेहमीचं झालंय.

आता तुमचं पत्र परत वाचा. ठिबक आहे, बोअर आहे, स्लॅब आहे. सून आल्यावर ती दिवसभर काय करेल याबद्दल एक शब्द नाही. अकरा एकराचा सातबारा कोणाच्या नावावर आहे तेही नाही, आणि माझा अंदाज आहे की तुमच्याच. पोरगा तेहेतीस वर्षांचा आहे, केळीचा व्यापारी पैसे कोणाच्या खात्यात टाकतो? पोराच्या नावावर काही एकर आजच करून द्या, तुमचा आणि वहिनींचा हक्क राखून. बायोडाटात शेती लिहिताना वर्षाचा हिशोब लिहा, बागेचा खर्च किती आणि हातात किती आलं ते. आणि सरळ लिहा की मुलगी शिकलेली असेल तर चोपड्यात किंवा जळगावला नोकरी करेल, आम्ही अडवणार नाही, आणि लग्नानंतर तिचं नाव सातबाऱ्यावर लागेल. पोरगी बघायला जाल तेव्हा तिच्या बापाशी न बोलता आधी तिला विचारा, तुला इथे राहायला काय लागेल. तिच्या उत्तरातलं निम्मं जरी तुम्ही करू शकलात तरी पुष्कळ. हुंड्याचा विषय तर काढूच नका.

प्रश्न: मी भुसावळहून. मुलगा डब्लिनला एम.एस्सी. करतोय, शिक्षणाचं कर्ज काढून पाठवलाय. पेपरात वाचते की आयर्लंड जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत आहे, माणशी उत्पन्न अमेरिकेपेक्षा जास्त. मग माझ्या पोराला एका खोलीत दुसऱ्या मुलाबरोबर का राहावं लागतं आणि तरी एवढं भाडं का? तो काही लपवतोय का आमच्यापासून? – एक आई

उत्तर: ताई, तो काही लपवत नाहीये, निश्चिंत राहा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, देश कागदावर फार श्रीमंत आहे आणि तुमच्या पोराला खोली मिळत नाही.

कागदावरची श्रीमंती कशी ते बघा. समजा तुमच्या गल्लीत बाहेरच्या व्यापाऱ्याचं गोडाऊन आहे आणि हंगामात त्यात करोडोंच्या कपाशीच्या गाठी पडून असतात, म्हणून गल्लीतली माणसं करोडपती होतात का? वॉचमनला पगार मिळतो, नगरपालिकेला कर मिळतो, बाकी माल व्यापाऱ्याचा. आयर्लंडमध्ये कंपनीच्या नफ्यावरचा कर २००३ पासून १२.५ टक्के, मोठ्या कंपन्यांना तो आता १५ झालाय. त्यामुळे अमेरिकेच्या मोठमोठ्या औषध आणि कॉम्प्युटर कंपन्यांनी आपली पेटंट आणि हक्क तिथल्या शाखेच्या नावावर ठेवलेत. २०१५ ला अशा काही कंपन्यांनी मालमत्ता तिकडे हलवली आणि एका वर्षात देशाचा जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात झालेलं एकूण उत्पादन, २६ टक्क्यांनी वाढला असं जाहीर झालं. जगभर चेष्टा झाली. पण तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. तज्ज्ञांची समिती बसवली आणि २०१७ पासून एक वेगळा आकडा छापायला सुरुवात केली ज्यात ही परदेशी कंपन्यांची हलवाहलव वजा केलेली असते. हा आकडा काही वर्षी जीडीपीच्या निम्म्याच्या थोडाच वर असतो. आपला मोठा दिसणारा आकडा खरा नाही हे सरकारी ऑफिसने स्वतःच छापणं ही साधी गोष्ट नाही.

आणि घरांचं वेगळंच. २००८ च्या आधी तिथे बँकांनी वाटेल तशी कर्जं दिली, २००६ ला एका वर्षात ९० हजारांच्या आसपास घरं बांधली गेली. मग सगळं कोसळलं. २०१० ला युरोपियन युनियन आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मोठं कर्ज घ्यावं लागलं, २०१२ च्या सुमाराला बेरोजगारी १५ टक्क्यांवर होती, आणि गावोगावी अर्धवट सोडलेल्या कॉलन्या उभ्या होत्या, २०१० च्या मोजणीत अडीच हजारांहून जास्त. बिल्डर बुडाले, गवंडी-सुतार ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेले, आणि वर्षाला दहा हजारसुद्धा घरं होईनात. नंतर कंपन्या परत जोरात आल्या, नोकऱ्या आल्या, जगभरातून माणसं आली, २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ५१ लाखांवर गेली, पण मधल्या वर्षांतली न बांधलेली घरं कुठून येणार? तेच भाडं तुमचा मुलगा भरतोय.

त्याला विद्यार्थी म्हणून कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत ४०. त्याहून जास्त कर म्हणून घरून तगादा लावू नका, व्हिसा जाईल. आणि खोली न बघता ऑनलाइन डिपॉझिट पाठवायचं नाही एवढं मात्र त्याला नक्की सांगा, त्यात आपली बरीच मुलं फसलीत.

प्रश्न: मॅडम, मी शहाद्याला एम.ए. समाजशास्त्र करतेय. आमच्या कॉलेजला गरिबीचा सर्व्हे करायचाय, सातपुड्याकडची काही गावं घेतलीत. उत्पन्न विचारलं की सगळे अंदाजे काहीतरी सांगतात, नाहीतर पिवळं कार्ड दाखवतात. आयर्लंडमध्ये गरिबी कशी मोजतात? आणि अशा सर्व्हेचा खरंच काही उपयोग होतो का, की फाईलमध्येच पडून राहतो? – एक विद्यार्थिनी

उत्तर: तुझी अडचण त्यांनाही आलेली होती. डब्लिनला आर्थिक आणि सामाजिक संशोधन संस्था आहे, १९६० ला अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून सुरू झाली, तेव्हा नावात फक्त आर्थिक होतं, सामाजिक १९६६ ला जोडलं. पहिले संचालक रॉय गिअरी, स्वतः मोठे संख्याशास्त्रज्ञ. या संस्थेने १९८७ ला देशभर घरोघरी सर्व्हे केला आणि त्यातून एक पद्धत बसवली, की फक्त उत्पन्न बघायचं नाही, घरात काय नाहीये ते विचारायचं.

आजच्या यादीत ११ गोष्टी आहेत. माणशी मजबूत बुटांचे दोन जोड, पाऊस अडवणारा गरम कोट, दुसऱ्याचे वापरलेले नाही तर नवे कपडे, एक दिवसाआड मांस-मासे किंवा त्या तोडीचं शाकाहारी जेवण, आठवड्यातून एकदा चांगलं साग्रसंगीत जेवण, घर गरम ठेवता येणं, पैसे नाहीत म्हणून गेल्या वर्षभरात कधी थंडीत कुडकुडत बसावं लागलं का, मोडकं फर्निचर बदलता येणं, वर्षातून एकदा घरच्यांना किंवा मित्रांना भेटवस्तू, महिन्यातून एकदा पाहुण्यांना जेवायला किंवा काही प्यायला बोलावणं, आणि पंधरवड्यातून एकदा करमणुकीसाठी घराबाहेर पडणं. यातली खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे. नाही म्हटलं की लगेच विचारायचं, परवडत नाही म्हणून नाही की नकोच आहे म्हणून नाही. नकोय म्हणणाऱ्याला मोजत नाहीत. परवडत नाही अशा दोन किंवा जास्त गोष्टी निघाल्या आणि उत्पन्नही देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या (सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभं केलं तर बरोबर मधल्याचं जे असेल त्याच्या) ६० टक्क्यांच्या खाली असलं तर ते घर पक्क्या गरिबीत धरतात. पाहुण्यांना बोलावणं या यादीत आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गरिबी माणसाला आधी चारचौघांतून उठवते.

उपयोग झाला. १९९७ ला सरकारने गरिबीविरुद्धचं राष्ट्रीय धोरण आणलं त्यात मोजणीची हीच पद्धत घेतली, तेव्हा यादी थोडी वेगळी होती. आणि तीच संस्था दरवर्षी बजेट आलं की खऱ्या घरांच्या सर्व्हेवर चालणारं कॉम्प्युटर मॉडेल वापरून सांगते की या बजेटने खालच्या घरांच्या हातात किती आले आणि वरच्यांच्या किती. २००६ पासून तर हजारो मुलांचा अभ्यास चाललाय, नऊ महिन्यांची बाळं एका गटात आणि नऊ वर्षांची मुलं दुसऱ्या गटात घेतली आणि मग त्याच मुलांकडे काही काही वर्षांनी परत परत जातात.

तू त्यांची यादी मात्र तशीच्या तशी उचलू नकोस, कोट आणि हीटर तोरणमाळच्या पायथ्याला काय कामाचे. गावात आधी पाच-सहा बायकांना बसवून विचार, की कुठल्या घरात काय नसलं की तुम्हाला वाईट वाटतं, आणि त्यातून यादी कर. माझ्या मनात काही आहेत, पैशाअभावी दवाखाना टाळला का, डाळ आठवड्यात किती दिवस, पावसाळ्यात छत गळतं का, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातून पोरांना काही आणता आलं का, सोयऱ्याच्या लग्नाला जाणं टाळलं का. प्रत्येकापुढे तोच दुसरा प्रश्न, परवडत नाही की नको. बाई आणि पुरुष दोघांना वेगवेगळं विचार, उत्तरं जुळणार नाहीत आणि ते न जुळणं पण लिहून ठेव.

आणि तारीख नीट ठरव. दिवाळीनंतर तिकडची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली असतात, तेव्हा सर्व्हे केलास तर कुलूप लागलेली घरं सुटतील आणि सगळ्यात गरीब तीच आहेत. एक फेरी दिवाळीच्या आधी कर आणि दुसरी होळीला, होळीला सगळे परत येतात. फॉर्मवर कुटुंबाचा क्रमांक टाक म्हणजे दोन्ही वेळा तेच घर सापडेल. यादीचा कच्चा कागद तयार झाला की मला पाठव, मी बघून देते.